परराज्यातून पुण्यात येणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने नोंदणी कशी करावी

बेंगळुरू, धारवाड किंवा रांचीला शिकून पुण्यात येणारी मुलं-मुली पहिल्यांदा हेच विचारतात, "मॅडम, महाराष्ट्राचं लायसन्स कुठे काढायचं?" असं लायसन्स नसतं. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं बोर्ड असतं. तिथले लेख वाचून इथे घाम फुटायचं कारण नाही. तुमचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत असेल, तर परिषदेच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे देशभर प्रॅक्टिस करता येते. राज्य बदललं म्हणून सीआरआर नंबर, म्हणजे या नोंदवहीतला तुमचा क्रमांक, बदलत नाही.

तेव्हा आधी आरसीआयच्या पोर्टलवर पत्ता बदला आणि नोंदणीची मुदत बघा. ती पाच वर्षांची असते. संपत आली असेल, तर सीआरईचे, म्हणजे परिषदमान्य निरंतर प्रशिक्षणाचे, गुण जमवून नूतनीकरण उरका, मगच पुढचे अर्ज.

आता दुसऱ्या टोकाचा सल्ला: "आरसीआय आहे ना, मग झालं!" नाही झालं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ५५ नुसार प्रत्येक राज्याचं मानसिक आरोग्य प्राधिकरण आपल्या राज्यातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' म्हणून नोंदणी करतं. कर्नाटकच्या यादीतलं नाव महाराष्ट्राच्या यादीत आपोआप येत नाही. याचा फटका कुठे बसतो? याच कायद्याच्या कलम ८९ खाली रुग्णाला दाखल करताना दोन स्वतंत्र तपासण्या लागतात. एक मानसोपचारतज्ज्ञाची (सायकियाट्रिस्टची), दुसरी मानसिक आरोग्य व्यावसायिकाची किंवा डॉक्टरची. ती दुसरी सही तुम्ही करणार असाल, तर राज्याच्या यादीत नाव हवंच. ते नसताना वरिष्ठ म्हणाले म्हणून सही ठोकू नका. प्रकरण या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळापुढे गेलं, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

राज्याच्या यादीसाठीच्या अर्जात खरी कटकट आहे ती नावाची, आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. मी दक्षिणेत शिकले. पदवीवर नावापुढे नुसती आद्याक्षरं, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि मग वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. कागदोपत्री आम्ही तिघीजणी होतो. "प्रतिज्ञापत्र जोडा, चालतं" असं जो तो सांगतो. आद्याक्षरांचा उलगडा करायला ते ठीक आहे. आडनावच बदललं असेल, तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि तेच नाव आधी आरसीआयच्या नोंदीत चढवा. हा क्रम उलटा करू नका. राज्याच्या यादीत एक नाव आणि सीआरआरवर दुसरं, असं झालं की नोकरी बदलताना दर वेळी खुलासे देत बसाल. लग्न तोंडावर आलं असेल, तर आडनाव बदलायचं की नाही ते अर्जाआधी ठरवा. माझं मत विचाराल, तर बदलूच नका.

अर्जाची पोच आणि प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत जपून ठेवा.

स्वतःचं क्लिनिक थाटणार असाल, तर व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरा. रुग्ण दाखल करून ठेवणार नसाल, नुसती ओपीडी असेल, तर मानसिक आरोग्य आस्थापनेची वेगळी नोंदणी लागत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांची वाट निराळी: जुन्या राज्याच्या कौन्सिलकडून ना हरकत आणा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी करा, एम.डी.ची नोंद विसरू नका.

आणि नुसतं मानसशास्त्रात एम.ए. केलेल्यांनो, हे सगळं तुमच्यासाठी नाही. समुपदेशन जरूर करा, पण कोथरूडच्या पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहू नका. आरसीआय नोंदणीशिवाय ही प्रॅक्टिस केल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.