जुन्या कॅटमरानचे जड सुकाणू: माझा अनुभव

ग्वाल्हेरजवळच्या तिघरा जलाशयावर मी जुनी, सोळा फुटी कॅटमरान, म्हणजे दोन समांतर हल (अरुंद तळ) असलेली शिडाची होडी, चालवतो. मे महिन्यात वाऱ्याचा जोर वाढला की होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवी आणि तिला सरळ ठेवता ठेवता माझे मनगट भरून येई.

दोष शिडात असावा, असे मी बरेच दिवस धरून चाललो होतो. होडी काठावर घेऊन नीट पाहिली, तेव्हा दोन्ही सुकाणूंच्या पात्यांची बोल्टची भोके झिजून लांबट झालेली आढळली. त्यामुळे पाण्याच्या दाबाने पाते बोटभर मागे झुकत असे आणि सारा भार सुकाणूच्या दांड्यावर येत असे. मी ती भोके इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या राळेने) भरली, ते पूर्ण कडक झाल्यावर पात्याचे टोक किंचित पुढे येईल अशा बेताने नवी भोके पाडली, आणि दांडा हलक्या हाताने धरता येऊ लागला. हे काम घाईने करू नये. दोन्ही पाती अगदी सारखी बसली पाहिजेत.

शिडाकडेही लक्ष द्यावेच लागते. जोराच्या वाऱ्यात मी डाउनहॉल, म्हणजे शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी, घट्ट ओढून मोठे शीड सपाट करतो आणि ट्रॅव्हलर, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी आडवी सरकवणारी गाडी, वाऱ्याखालच्या (वारा जिकडे जातो त्या) बाजूला सोडतो. वारा बाजूने किंवा मागून असेल तेव्हा भाचा आणि मी ट्रॅम्पोलिनच्या, म्हणजे दोन हलमध्ये ताणलेल्या कापडाच्या, अगदी मागच्या कडेला बसतो, कारण वाऱ्याखालच्या हलची नाळ (पुढचे टोक) पाण्यात घुसली की होडी पुढच्या बाजूला कोलांटी खाते. नाळ दबू लागताच भाचा जिब, म्हणजे पुढचे लहान शीड, सैल सोडतो.