बाईकला धुवून वापरायचा एअर फिल्टर घ्यावा का? पैसे टाकायच्या आधी हे बघा

नागपुरात गाडीचं इंजिन कसली हवा ओढतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे, कुठं ना कुठं खोदून ठेवलेला रस्ता, कोराडी-खापरखेड्याकडे वीज केंद्रांची राख, उमरेड रोडला कोळशाचे ट्रक. म्हणून मग "एकदाच पैसे टाका, नंतर फक्त धुवायचा, पिकअप पण वाढतो, मायलेज पण वाढतं" असं कोणी सांगितलं की पटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, रोज ऑफिसला नेणाऱ्या 100 ते 150 सीसीच्या गाडीला याची गरज नाही, कंपनीचाच फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्याही आधी बदलत राहा. तरी मनात असेल तर खालच्या क्रमानं जा.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा. साइड पॅनल किंवा सीट काढून एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो तो डबा, उघडा. फोम असेल तर तो बहुतेक वेळा धुवून, तेल लावून परत वापरायचाच असतो, मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते, म्हणजे नवीन काही घ्यायचा प्रश्नच नाही. कागदी असेल तर हात लावून बघा. काही गाड्यांचा कागद नवीन असतानाच तेलकट, चिकट असतो, त्यालाच व्हिस्कस फिल्टर म्हणतात. हा धुवायचा पण नाही आणि त्याला कॉम्प्रेसरची हवा पण मारायची नाही, खराब झाला की बदलायचा. सर्व्हिसिंगमध्ये बरेच ठिकाणी सर्रास हवा मारून तोच परत बसवतात, आणि कागदाच्या घडीला बारीक चीर गेली की धूळ सरळ आत जाते, त्यामुळे सर्व्हिसिंगच्या वेळी समोर उभं राहा आणि नको म्हणून सांगा.

आता फिल्टर बाहेर असतानाच एअरबॉक्सची फिल्टरच्या पलीकडची, म्हणजे इंजिनकडे जाणारी बाजू पांढऱ्या सुती कापडानं पुसा. कापड स्वच्छ आलं तर आहे तो फिल्टर काम करतोय. पिठासारखी बारीक मातकट धूळ आली तर ती इंजिनात पण जातेय, आणि त्यातली वाळूची कणी पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासत राहते, मग गाडी ऑइल खाते, धूर काढते. फिल्टरचं खरं काम हेच आहे, पिकअप नंतर.

पिकअपचं म्हणाल तर रोजच्या ट्रॅफिकमध्ये आपण थ्रॉटल अर्धा पण पिळत नाही. हवा अडते ती थ्रॉटलच्या झडपेपाशी, फिल्टरपाशी नाही. पूर्ण पिळून जास्त आरपीएमला चालवाल तेव्हा थोडा फरक पडू शकतो. मायलेजचं पण तसंच, 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस6 फ्युएल इंजेक्शन गाड्यांत सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, हवेच्या हिशोबानं पेट्रोल देतो, फिल्टर मोकळा केला म्हणून पेट्रोल वाचत नाही. बऱ्याच जणांना फरक जाणवतो कारण काढलेला जुना फिल्टर पूर्ण चोंदलेला असतो, तिथं कंपनीचा नवीन टाकला असता तरी तेवढाच फरक जाणवला असता.

मग हिशोब करा. समजा कंपनीचा फिल्टर 250 रुपयांचा आणि आपल्या धुळीत वर्षाला दोन लागले, झाले 500. के अँड एन (K&N) कंपनीसारखा तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचा फिल्टर समजा 4000 ला आणि क्लीनर-तेलाचा किट 1500 ला पडला, तर पैसे वसूल व्हायला 11 वर्षं. तुमच्या गाडीचे खरे भाव दुकानात विचारून टाका. ज्या मोठ्या गाडीचा ओरिजिनल फिल्टरच महाग आहे, किंवा जी वर्षानुवर्षं ठेवून लांब लांब फिरवायची आहे, तिथं हिशोब जमतो.

घ्यायचाच तर मॉडेलप्रमाणे मूळ जागेत बसणारा घ्या. एअरबॉक्स काढून उघडा कोन (शंकूसारखा) फिल्टर लावायच्या फंदात पडू नका, कार्बोरेटर असेल तर जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांचं माप, बदलावी लागते आणि आपल्याकडच्या पावसात पाणी आत जायची भीती वेगळीच. वॉरंटी चालू असेल तर वॉरंटीचं पुस्तक पण वाचून घ्या.

धुवायचं काम मात्र मन लावून करा. त्याचाच क्लीनर मारून दहा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका. मग साध्या पाण्याच्या हलक्या धारेनं आतून बाहेर धुवा, म्हणजे धूळ जिकडून आली तिकडंच निघून जाईल. पेट्रोल, रॉकेल, प्रेशर वॉशर काहीच नको. सावलीत पूर्ण सुकू द्या, घाई म्हणून ड्रायर किंवा कॉम्प्रेसर लावू नका. नंतर फिल्टरचंच तेल, इंजिन ऑइल नाही, प्रत्येक घडीवर पातळ लावा आणि वीस मिनिटं थांबा. कुठं फिका डाग राहिला तर तेवढ्याच जागी परत लावा, कोरड्या जागेतून धूळ आरपार जाते. थबथबून पण लावू नका. एवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर कागदी फिल्टरच बरा.

बसवताना कडेचं रबर सगळीकडून नीट टेकलंय का ते बोट फिरवून बघा. 500 किलोमीटर चालवल्यावर परत उघडून तेच पांढरं कापड फिरवा. धूळ आली तर आधी सील तपासा, सील बरोबर असूनही येत असेल तर कंपनीचाच फिल्टर परत टाका आणि तो दुसरा विकून मोकळे व्हा.