शेवटच्या थंडीतील पाऊस आणि द्राक्षबागेतील कामांचा क्रम

जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यातील द्राक्षबागा फार नाजूक अवस्थेत असतात, कारण ऑक्टोबर छाटणीच्या, म्हणजे फळासाठी छाटलेल्या, बहुतेक बागांत याच सुमारास मण्यात पाणी उतरते आणि गोडी भरू लागते. अशा वेळी पश्चिमी झंझावाताच्या प्रभावाने दोन-तीन दिवस ढगाळ हवा राहून पाऊस झाला, तर पावसाच्या दिवशी दिसते त्याहून अधिक नुकसान पुढच्या आठवड्यात होते. झंझावात पुढे सरकला की आकाश निरभ्र होते, उत्तरेकडून थंड वारे वाहू लागतात आणि ओल्या बागेत पहाटेचा पारा झपाट्याने उतरतो. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे किमान तापमान अशा दिवसांत अनेकदा राज्यातील नीचांकी तापमानांपैकी एक असते. त्यामुळे ओल आणि थंडी यांचा एकत्र विचार करूनच कामांचा क्रम ठरवावा लागतो. पाऊस थांबताच पंप जोडण्याची घाई गावोगाव दिसते. परंतु फवारणी हे या क्रमातील पहिले काम नाही. आधी घडावरचे पाणी, मग मुळाशी साचलेले पाणी, मग वेलीच्या विस्तारात खेळणारी हवा, आणि त्यानंतर गरज असेल तरच औषध.

घडावरचे पाणी पाऊस उघडताच काढावे. पाणी उतरलेल्या मण्याची साल पातळ व ताणलेली असते, आतल्या साखरेमुळे मणी सालीतूनही पाणी ओढतो आणि मुळांकडूनही त्याला पाणी मिळत राहते. दोन्हीकडून दाब वाढला की तो तडकतो. घड उलटा करून पाहिल्यास मण्याच्या खालच्या टोकाशी थांबलेला थेंब आणि देठाजवळची अर्धगोल बारीक चीर स्पष्ट दिसते. वरून निरोगी दिसणाऱ्या दाट घडात मधल्या मण्यांच्या बेचक्यात पाणी दिवसभर राहते, म्हणून केवळ बाहेरून पाहून बाग सुकली असा निष्कर्ष काढू नये. मंडपाच्या तारा हलक्या हाताने हलवून पाणी झटकावे, किंवा पाठीवरच्या ब्लोअरने नुसती हवा मारावी. ट्रॅक्टरचा ब्लोअर जमीन ओली असताना आत नेऊ नये, कारण काळ्या जमिनीत त्याच्या चाकांखाली मुळांचा वरचा थर दाबला जातो, चाकोरीत पाणी साचते आणि आधीच थंडीने मंदावलेली पांढरी मुळी आणखी मागे पडते. एका दिवसाच्या सोयीसाठी केलेले हे नुकसान पुढच्या छाटणीपर्यंत भरून निघत नाही.

गुलाबी मणी टाळण्यासाठी थॉमसन आणि तत्सम पांढऱ्या जातींच्या घडांना कागद लावलेला असेल, तर पावसानंतर तो अवश्य तपासावा. दिवसाच्या व रात्रीच्या तापमानातील मोठ्या फरकापासून घडाला वाचवणारा हाच कागद भिजल्यावर मण्यांना चिकटतो आणि आत ओल कोंडून ठेवतो. भिजलेला कागद काढून घड पूर्ण सुकू द्यावा आणि मगच कोरडा कागद लावावा. तडकलेले मणी कात्रीने काढून घ्यावेत, मात्र ते वेलीखाली न टाकता घमेल्यात गोळा करून बागेबाहेर पुरावेत. जमिनीवर पडलेल्या आंबट मण्यांवर फळमाश्या येतात आणि तेथूनच चांगल्या घडांत कुज पसरते.

दुसरे काम मुळाशी साचलेल्या पाण्याचे. बागेच्या उताराकडील बाजूस चर मोकळे करावेत, बोदांमधील (वेलींच्या ओळींच्या उंच वरंब्यांमधील) पाणी वाहून जाईल असे पाहावे आणि ठिबक संच बंद ठेवावा. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. कडाक्याच्या थंडीत रात्री किंवा पहाटे पाणी द्यावे हा सल्ला बरोबरच आहे, कारण विहिरीचे किंवा बोअरचे पाणी हवेपेक्षा कोमट असते आणि ओली जमीन दिवसभराची ऊब अधिक धरून ठेवते. मात्र तो कोरड्या जमिनीसाठी आहे. पावसाने आधीच भिजलेल्या जमिनीत केवळ थंडी वाढली म्हणून पाणी सोडल्यास मुळांना हवा मिळत नाही आणि मणी तडकण्याचे प्रमाण वाढते. वाफसा येईपर्यंत थांबावे. वेलीपासून फूटभर अंतरावर वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन बोटाच्या हलक्या धक्क्याने तो फुटला तर वाफसा आला असे समजावे, आणि हाताला चिकटून राहिला तर अजून अवकाश आहे. हलक्या मुरमाड जमिनीत हे दोन-तीन दिवसांत घडते, भारी काळ्या जमिनीत आठवडाही लागू शकतो. त्यानंतरही एकदम मोठी पाळी न देता ठिबकने थोडे थोडे व नियमित पाणी द्यावे. बोदावर उसाचे पाचट अंथरले असेल तर ते खोडापासून थोडे दूर सारावे, म्हणजे खोडालगतची ओल लवकर उतरेल.

याच फेरीत मंडपाचे अँगल, कडेचे तणावे आणि तारा पाहून घ्याव्यात. मऊ झालेल्या जमिनीत फळांनी लदलेला मंडप एका बाजूला कलू लागला, तर वाऱ्याच्या पुढच्या झोताची वाट न पाहता त्याच दिवशी आधार द्यावा. रात्री शेकोट्या पेटवायच्या असल्यास त्या बागेच्या कडेने पेटवाव्यात. काढणीला आलेल्या घडांवर ओल्या पाचटाच्या धुराची काजळी बसलेली माझ्या मते कोणत्याही बाजारात परवडणारी नाही.

आता रोगांचा विचार करू. डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन मुख्य बुरशीजन्य रोग. डाऊनीला पानावर मोकळे पाणी लागते, तर भुरीला ढगाळ, दमट हवा आणि दाट सावली पुरते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर आधी डाऊनीची आणि पुढील आठ-दहा दिवस भुरीची पाहणी करावी. पाने मागून पाहावीत, विशेषतः खोडाजवळची जुनी पाने आणि छाटणीनंतर उशिरा फुटलेल्या बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातून निघणाऱ्या फुटी. घडांभोवतीच्या अनावश्यक बगलफुटी व रोगट पाने काढल्याने हवा खेळती राहते, आणि पावसानंतरचे ऊन घडापर्यंत पोहोचते. हे मजुरीचे काम महाग वाटले तरी औषधाच्या एका फेरीपेक्षा ते अधिक उपयोगी ठरते, असे माझे ठाम मत आहे. तथापि सर्व पाने एकदम काढून घड उघडे पाडू नयेत, कारण थंडीनंतरच्या प्रखर उन्हात उघडे मणी चट्टे पडून खराब होतात.

काढणी महिन्याभरावर आली असेल तर औषध निवडताना पहिला प्रश्न रोग किती आटोक्यात येईल हा नसून अवशेष किती उरतील हा असावा. मॅन्कोझेबसारखी दीर्घ प्रतीक्षाकाळ (फवारणी आणि काढणी यांत जाऊ द्यावे लागणारे दिवस) असलेली बुरशीनाशके या अवस्थेत वापरूच नयेत. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींमध्ये प्रत्येक औषधासमोर काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ दिलेला असतो आणि निर्यातीसाठी अपेडा या केंद्रीय शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीत नोंदलेल्या बागांना त्या मर्यादेबाहेर जाता येत नाही. परंतु आपल्या गावात, आपल्या मुलांच्या ताटात जाणाऱ्या द्राक्षांनाही तोच नियम लावला पाहिजे. या काळात ट्रायकोडर्मा, बॅसिलस सबटिलिस, भुरीसाठी ॲम्पेलोमायसिस यांसारखी जैविक नियंत्रके वापरावीत. हवेतील दमटपणा त्यांच्या वाढीला पोषक असतो, त्यामुळे पावसानंतरचे दिवस त्यांच्या वापरासाठी सोयीचे असतात. रासायनिक बुरशीनाशक आणि जैविक घटक एकाच टाकीत मिसळू नयेत.

शेजारी कांदा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. कांद्यावरील करप्यासाठी मॅन्कोझेब सर्रास फवारले जाते आणि तेथे ते योग्यही आहे. मात्र वाऱ्याने उडालेले तुषार किंवा न धुतलेला पंप यांमुळे तेच औषध द्राक्षाच्या घडावर पोहोचते. वारा बागेकडे वाहत असताना कांद्यावर फवारणी करू नये, आणि दोन्ही पिकांसाठी शक्य असल्यास वेगळे पंप ठेवावेत.

पावसानंतर काढणीची घाई करू नये. ओले घड क्रेटमध्ये भरल्यास वाटेतच कुज सुरू होते, शिवाय पाणी ओढल्यामुळे मण्यांची गोडी काही दिवस उतरलेली असते. दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्यावेत आणि बागेच्या निरनिराळ्या भागांतील, घडाच्या वरच्या व खालच्या टोकांचे मणी घेऊन रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी तपासावी. खाण्याच्या द्राक्षांसाठी सर्वसाधारणपणे १८ ब्रिक्स (ब्रिक्स हे रसातील गोडीचे माप), तर बेदाण्यासाठी किमान २२ ब्रिक्स गाठल्यावरच घड उतरवावेत. तासगाव, कवठेमहांकाळ, पंढरपूर भागात ज्यांचा माल आधीच बेदाणा सुकवण्याच्या शेडवर गेला आहे त्यांनी पावसाच्या बाजूचे पडदे सोडावेत, मात्र पाऊस थांबताच ते उघडावेत. कोंडलेल्या दमट हवेत बेदाणा काळवंडतो.

रब्बी कांद्याच्या वाफ्यांत साचलेले पाणी त्याच दिवशी बाहेर काढावे. पात पूर्ण सुकल्याशिवाय फवारणी करू नये आणि द्रावणात चिकट द्रव्य न विसरता मिसळावे, कारण कांद्याची मेणचट पात थेंब धरत नाही. पाऊस झाला म्हणून युरियाचा जादा हप्ता देण्याचा मोह अनेकांना होतो. पुनर्लागवडीला दोन महिने होऊन गेले असतील तर नत्र मुळीच देऊ नये, कारण त्याने मान जाड होते आणि असा कांदा चाळीत टिकत नाही. दीर्घ थंडीमुळे काही रोपांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतील. ते कोवळे असतानाच मोडावेत आणि अशा झाडांचे कांदे काढणीच्या वेळी वेगळे ठेवून लवकर विकावेत.