पावसाळ्यातील रोपांची देवघेव: फांदी द्यावी, माती देऊ नये

मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या चार महिन्यांतला दमटपणा माणसांना नकोसा होत असला, तरी नुकत्याच छाटलेल्या फांदीला तोच तारून नेतो. मुळे फुटण्याआधीच पानांवाटे पाणी उडून फांदी सुकणे हे छाट कलम फसण्याचे मोठे कारण असते आणि जुलै-ऑगस्टच्या हवेत ते बरेचसे टळते. म्हणून सोसायट्यांमधील बागप्रेमी मंडळी रोपांची देवघेव याच दिवसांत ठरवतात, ते योग्यच आहे. मात्र ज्या ओलीत फांदीला मुळे फुटतात, त्याच ओलीत बुरशी, गोगलगायी आणि सूत्रकृमीही (मुळांत शिरणारे धाग्यासारखे सूक्ष्म किडे) फोफावतात. त्यामुळे या हंगामात एक पथ्य कटाक्षाने पाळावे: फांदी, कंद किंवा बी द्यावे आणि घ्यावे, परंतु एका घरातील कुंडीची माती दुसऱ्या घरात जाऊ देऊ नये.

मातीविषयी इतका आग्रह धरण्याचे कारण असे की तिच्यातून येणारे उपद्रव वरून दिसत नाहीत. सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. टोमॅटो, वांगी, भेंडी, तुळस यांची वाढ खुंटून पाने पिवळी पडली आणि रोप उपटून पाहिले, की मुळांवर मण्यांसारख्या गाठी आढळतात, तेव्हा कोठे त्यांचा पत्ता लागतो. घरगुती बागेत यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे ते रोप काढून टाकणे आणि माती पातळ पसरून कडक उन्हात तापवणे. मुंबईत असे ऊन एप्रिल-मे महिन्यांतच मिळते, म्हणजे जुलैमध्ये आलेला सूत्रकृमी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाहुणा म्हणून राहतो. निंबोळी पेंड मातीत मिसळल्याने त्याचा जोर थोडा कमी होतो, इतकेच.

दुसरा उपद्रव आफ्रिकन गोगलगायीचा आहे. लांबट, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची ही गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी मातीत घालते आणि ही पांढरट-पिवळसर, ज्वारीच्या दाण्याएवढी अंडी खताच्या गोळ्या समजून सहज दुर्लक्षिली जातात. तळमजल्याच्या बागेत तिचा उपद्रव अधिक असतो, पण कुंडीतून ती सातव्या मजल्यावरही पोहोचते. तिच्या शरीरात मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या कृमीची पिल्ले असू शकतात. म्हणून तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये, मुलांना खेळू देऊ नये आणि तिचा वावर असलेल्या बागेतील पालेभाजी कच्ची खाऊ नये. संध्याकाळी ओले गोणपाट पसरून ठेवावे, त्याखाली जमलेल्या गोगलगायी पहाटे हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. मीठ कुंडीत मात्र टाकू नये, त्याने रोपच मरते.

मुळांसकट रोप देणे अगदीच आवश्यक असेल, तर देणाऱ्याने मुळे बादलीतील पाण्यात हलक्या हाताने खंगाळून माती काढावी आणि मुळांभोवती ओले फडके गुंडाळून रोप द्यावे. पावसाळी हवेत असे रोप एक दिवस सहज तग धरते. बादलीतील गढूळ पाणी दुसऱ्या कुंडीत ओतू नये.

फांदीवरून येणारी मुख्य कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. दोन वर्षांपूर्वी अशाच एका देवघेवीतून आणलेली दुहेरी जास्वंद आम्ही कौतुकाने थेट ग्रीलमधल्या कुंड्यांच्या रांगेत ठेवली आणि महिन्याभरात शेजारची तीन झाडे कापसाचे बोळे चिकटवल्यासारखी दिसू लागली. देणाऱ्याचा त्यात दोष नव्हता, कारण सुरुवातीला ही कीड पानाच्या बेचक्यात आणि शेंड्याच्या घडीत दडून बसते. खोडावरून मुंग्यांची ये-जा दिसली, तर तेथे पिठ्या ढेकूण, मावा किंवा खवले कीड असण्याची शक्यता धरून चालावे. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये प्रथम आढळला आणि पुढे तो जास्वंदीसह अनेक झाडांवर पसरला, यावरून या किडीचा वेग लक्षात यावा. म्हणून आलेली प्रत्येक फांदी लावण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली पानांच्या खालच्या बाजूसह धुवावी आणि किमान तीन आठवडे वेगळ्या खिडकीत ठेवावी. कीड दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावी. त्यानंतर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारणी करावी, आणि तीही आधी एका पानावर करून पाहावी. झाड पावसात भिजत असेल तर हे द्रावण धुऊन जाते, त्यामुळे फवारलेले झाड एक-दोन दिवस आडोशाला ठेवणे आवश्यक आहे.

आता देण्याघेण्याच्या झाडांविषयी. जास्वंद, तगर, अनंत, मोगरा आणि क्रोटन यांची फांदी या दिवसांत चांगली लागते. जास्वंदीची पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्यावी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यावा, वरचा काप तिरका ठेवावा म्हणजे त्यावर पाणी साचत नाही, आणि शेंड्याची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत. लावण्यासाठी खत घातलेली माती वापरू नये. जाड वाळूत थोडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेले पुरते. नुसते कोकोपीट पावसाळ्यात इतके पाणी धरते की फांदी खालून काळी पडते. मुळे फुटायला तीन-चार आठवडे लागतात आणि तेवढ्यात फांदी उपटून पाहण्याचा मोह आवरावा, कारण नव्याने आलेली कोवळी मुळे त्यातच तुटतात.

पानओवा, पुदिना आणि ब्राह्मी तर आठवड्या-दोन आठवड्यांत धरतात. गवती चहाचे ठोंब वेगळे करून पाती वीतभर ठेवून छाटावीत. हळद, अळू आणि कर्दळ यांचे कंद जूनमध्येच दिलेले बरे. कढीपत्त्याची फांदी सहसा लागत नाही, मूळ झाडाभोवती येणारे फुटवे मुळांसह काढून द्यावे लागतात. सोनचाफ्याची फांदी मागून कोणाला संकोचात टाकू नये, ती साध्या छाट कलमाने क्वचितच लागते. अडेनियम, निवडुंग आणि कोरफड यांची देवघेव दिवाळीनंतर करावी. भर पावसात त्यांचा काप वाळत नाही आणि सडतो.

श्रावणातील मंगळागौर आणि त्यामागोमाग येणारा गणेशोत्सव यांमुळे पत्रीच्या झाडांना मोठी मागणी येते. माका, आघाडा, मरवा, दुर्वा, शमी ही झाडे घरी असावीत असे अनेकांना वाटते, परंतु श्रावणात हाती आलेल्या रोपाची पाने त्याच वर्षी खुडू नयेत. दुर्वा स्वतंत्र पसरट कुंडीतच लावाव्यात, अन्यथा त्या शेजारच्या झाडाचे अन्न खातात.

बियांची देवघेव ऑक्टोबरच्या भेटीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे, कारण पावसाळी हवेत उघडे बी ओल धरते आणि त्याला बुरशी येते. वाल, चवळी, टोमॅटो यांचे घरचे बी बहुधा मूळ वाणासारखेच निघते. दुधी, दोडका, काकडी यांत मात्र मधमाश्यांमुळे जवळपासच्या त्याच पिकाच्या वेगळ्या वाणाशी संकर होतो. पाकिटातील संकरित बियाण्यापासून आलेल्या फळाचे बी पुढे त्याच गुणाचे निघत नाही, त्यामुळे ते देताना तसे स्पष्ट सांगावे. वाळलेले बी कोरड्या राखेत घालून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे.

लोकलच्या गर्दीतून फांद्या नेताना त्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत उभ्या ठेवाव्यात. प्रत्येक जुडीला आइस्क्रीमची काडी बांधून तिच्यावर शिसपेन्सिलीने झाडाचे नाव, फुलाचा रंग, देणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी. पेनाची शाई पहिल्याच सरीत पुसली जाते. कण्हेर आणि डिफेनबॅकिया यांच्या काडीवर 'विषारी' असा शब्द अवश्य लिहावा, कारण घेणाऱ्याच्या घरी लहान मूल किंवा मांजर आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते.

मनी प्लांट चोरून आणला तरच फळतो, अशी समजूत आहे. मागून आणलेलाही तितकाच वाढतो. मात्र तो बाटलीतील पाण्यात ठेवायचा असेल, तर दर तीन दिवसांनी पाणी बदलून बाटली आतून घासावी. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यांतून डास बाहेर पडतो. मुळे फुटण्यासाठी पाण्यात ठेवलेल्या प्रत्येक फांदीला हाच नियम लागू आहे. कुंड्यांखालच्या ताटल्या तर पावसाळाभर काढूनच ठेवाव्यात.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून उपटून आणलेली रोपे किंवा झाडांवरून काढलेली आमरी (ऑर्किड) कोणी घेऊन आल्यास ती स्वीकारू नये, कारण तेथून वनस्पती काढण्यास कायद्याने मनाई आहे. जलपर्णीची फुले देखणी असली तरी ती कोणालाच देऊ नये आणि नको झालेली जलवनस्पती नाल्यात किंवा तलावात टाकू नये. पवई तलावाची अवस्था सर्वांसमोर आहे. अशी जलवनस्पती वाळवून मगच खताच्या डब्यात घालावी.

वेगळ्या ठेवलेल्या रोपावर या तीन आठवड्यांत कीड आढळली, तर संकोच न करता काडीवरचे नाव पाहून देणाऱ्याला त्याच दिवशी कळवावे. त्याच्या मूळ झाडावर ती असणारच आणि त्याच झाडाच्या फांद्या आणखी कोणाकोणाच्या घरी गेल्या आहेत, हे फक्त त्यालाच सांगता येते.