फुलाच्या मागे काय आहे?

कास पठारावरच्या पहिल्या फेरीत मी फुलांचे तीनेकशे फोटो काढले. त्यातले ठेवण्यासारखे निघाले चार. बाकीच्यांत फूल नीट फोकसमध्ये आहे, रंगही बरे आलेत, पण नजर जाते ती मागच्या पांढऱ्या फटक पट्ट्याकडे, नाहीतर कुणाच्या तरी पिवळ्याधमक रेनकोटकडे. तिथे उभा असताना यातलं काहीच मला दिसलं नव्हतं. फुलावर डोळा लागला की बाकीचं आपण मनातल्या मनात पुसून टाकतो. कॅमेरा पुसत नाही.

तोवर माझी समजूत अशी होती की लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ २.८ इतकं मोठं उघडलं की मागचं सगळं धूसर होतं आणि प्रश्न मिटतो. धूसर होतं, पण चमक जात नाही. पानांमधून दिसणारा आभाळाचा तुकडा पसरून चांगली थाळीएवढी गोल चकती होते. घाबरून छिद्र लहान, एफ ११ केलं तर चकत्या आक्रसतात, पण मागच्या गवताची काडी न् काडी उठून दिसायला लागते. म्हणजे ॲपर्चर हा पहिला उपाय नव्हेच. पहिला उपाय गुडघ्यांचा: वाकून, सरकून कोन बदलण्याचा.

कासला हा त्रास जास्त होतो. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर साचलेलं पाणी, आणि पाण्यात अख्खं आभाळ. सीतेची आसवं नेमकी अशाच ओल्या जागी उगवतात. फूल इवलंसं, जमिनीलगत, म्हणून आपण खाली वाकतो आणि मागचं डबकं आरशासारखं अंगावर येतं. अशा वेळी मी आधी कॅमेरा दोन-चार बोटं डावी-उजवीकडे, वर-खाली सरकवून बघतो. फूल जागेवर राहतं, पण मागचं चित्र झपाट्याने बदलतं. ओला काळा कातळ किंवा सावलीतलं झुडूप फुलामागे आलं की थांबायचं. हे सगळं पायवाटेवरूनच. एका फोटोसाठी दहा रोपं तुडवणाऱ्यांना मी छायाचित्रकार म्हणत नाही.

जागा मिळालीच नाही, तर लांबची लेन्स लावून मागे सरकायचं. १०० मिमीऐवजी २०० मिमीने फूल तेवढंच मोठं घेतलं, तर मागचा साधारण निम्म्याच रुंदीचा भाग चौकटीत येतो, त्यामुळे काळोखा तुकडा सापडणं सोपं जातं. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायची फिरती काच, फिरवून पाण्यावरची चकाकी बरीच मारता येते. पण तो एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा त्याहून जास्त उजेड खातो, आणि पठारावर वारा फुलाला क्षणभर स्थिर राहू देत नाही. म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, मी ८०० पर्यंत बिनधास्त नेतो. त्याने फोटोत येणारे थोडे दाणे चालतात, हललेलं फूल चालत नाही.

आणि छत्री! ऑगस्ट-सप्टेंबरात साताऱ्याकडे जाताना ती सोबत असतेच. सोबत्याला सांगायचं, मागच्या उन्हातल्या गवतावर सावली धर. फूल उजेडात, मागचं सावलीत. घरी बाल्कनीतल्या जास्वंदीमागे समोरच्या इमारतीची पांढरी भिंत येते, तिथे मी काळी ओढणी दोरीवर टाकतो. फुलापासून हातभर लांब, म्हणजे सुरकुत्या दिसत नाहीत.

एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याचा, गोंधळ वेगळा. मागे लख्ख उजेड असला की कॅमेरा एकूण चित्र गडद करतो आणि फूल काळवंडतं. फूल उजळवायला जावं तर मागचं पार जळतं. स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या ठिपक्यापुरता उजेड मोजणं) फुलावर ठेवा आणि जळलेले भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू करा. मागे काही लुकलुकलं, की सेटिंग नंतर, आधी जागा बदला. मोबाइलवाल्यांनी फुलावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी. मोबाइलचा मागचं आपोआप धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मला पटत नाही. तेरड्याच्या पाकळीची कड तो कात्रीने कापल्यासारखी करतो.

उजळ पार्श्वभूमी दरवेळी वाईट, असंही नाही. त्याच फेरीत दुपारी धुकं उतरलं आणि मागचे डबके, गवत, रेनकोट, सगळे एकाच दुधी रंगात बुडाले. दीपकाडीची पांढरी फुलं त्यात हरवत होती. एक्स्पोजर +१ केलं, म्हणजे फोटो एक पायरी उजळ केला, फिकट हिरवा दांडा दिसेल असा कोन धरला. ठेवलेल्या चारांतले दोन फोटो त्या वीस मिनिटांतले आहेत.