सूर हरपलेल्या आउटफिल्डरवरचा वाद कसा घालावा

न्यूयॉर्कमध्ये सायंकाळी सातला सुरू होणारा बेसबॉलचा सामना तिथल्या उन्हाळ्यात मुंबईत पहाटे साडेचारला दिसतो. त्यामुळे सूर हरपलेल्या आउटफिल्डरला (मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूला) मॅनेजरने, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने, विश्वास ठेवून खेळवत ठेवावे की नाही, हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचा वाद बहुधा अपुऱ्या झोपेवर घातला जातो, आणि म्हणूनच तो पद्धतशीर घालावा.

प्रथम फलंदाजीची नुसती सरासरी (दर प्रयत्नामागे किती हिट, म्हणजे यशस्वी फटके) बाजूला ठेवून, होमरन (सहसा मैदानाबाहेर जाणारे फटके) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणे) वगळता खेळात आलेल्या चेंडूंवरची सरासरी पाहावी. ती सर्वसाधारणपणे .३०० च्या आसपास असते. एखाद्याची .२२० वर आली असेल, पण तो चेंडू पूर्वीइतकाच जोरात मारत असेल आणि त्याचे स्ट्राइकआउट वाढलेले नसतील, तर बराचसा दोष नशिबाचा मानून मॅनेजरच्या बाजूने बोलावे. स्ट्राइकआउट वाढले असतील, तर मात्र त्या विश्वासाला हट्ट म्हणण्यास हरकत नाही.

मग तो कुठे उभा राहतो, हे विचारावे. आउटफिल्डचा मधला, मोठा भाग सांभाळणारा उत्तम सेंटर फील्डर धावून टिपलेल्या झेलांच्या बळावर काही काळ जागा राखतो. डावी बाजू सांभाळणाऱ्या लेफ्ट फील्डरकडून मुख्यतः बॅटचीच अपेक्षा असते.

कोणीतरी विख्यात सेंटर फील्डर विली मेजचा दाखला देणारच. १९५१ मध्ये पहिल्या १२ प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाला नव्हता, तरी मॅनेजर लिओ ड्युरोशेर यांनी त्याला खेळवत ठेवले आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. तेव्हा मेज वीस वर्षांचा होता. पस्तिशीतल्या खेळाडूसाठी हा दाखला कोणी दिल्यास त्याला आधी वय विचारावे.