घराण्याचा इतिहास लिहायचाय? आधी आत्या शोधा

तलाठी म्हणून माझी सगळी नोकरी पाटण आणि कराड तालुक्यांत गेली. निवृत्त झालो तरी लोक वंशावळ घेऊन दारात येतात, 'भाऊसाहेब, एवढं जरा बघता का?' २०२३ साली शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, तेव्हापासून तर जास्तच. कागदावर खापरपणजोबापासून नातवापर्यंत नुसते पुरुष, बाई एकही नाही. दाखल्याला हे चालतं, इतिहासाला चालत नाही. कोण कोणाच्या आधाराने शिकलं, कोणाच्या वाट्याची जमीन कोणी खाल्ली, हे लेकीसुनांकडूनच कळतं.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. खातेदाराच्या नावाजवळ कंसात किंवा वर्तुळात आकडे असतात, ते फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदीचे, नंबर. एक फेरफार काढला की त्याच्या आधीच्याचा माग लागतो. 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर बऱ्याच गावांचे जुने फेरफार स्कॅन केलेले मिळतात. नाही मिळाले तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्या. एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले तेव्हा, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे त्याआधीचे कागद जुन्या नंबरावर शोधावे लागतात. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर बसतो.

आता फेरफार वाचायचा कसा? समजा नोंद अशी आहे: 'रामा गणू मयत. वारस मुलगे गणू व ज्ञानू, अज्ञान, अ. पा. क. आई सोनाबाई.' मुलं अज्ञान, म्हणजे वयात न आलेली, तेव्हा रामा तरणाच गेला. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे पुढे घर सोनाबाईने ओढलं. नोंद १९१८च्या अखेरची किंवा १९१९ची असेल तर मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीचा संशय घ्या आणि कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, मृत्यूची नोंद आहे का बघा. थोरल्याला आजोबाचं नाव दिलंय. अशा घरात गणू रामा, रामा गणू हीच नावं पिढ्यानपिढ्या फिरत राहतात. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका, तारीख आणि बायकोचं नाव जुळवा. माणूस वेगळा काढायला बायकोच्या नावासारखी खूण नाही. बाईच्या नावानंतर 'कोम' किंवा 'भ्र.' असेल तर त्यापुढचं नाव नवऱ्याचं. पुरुषाला 'ए. कु. मॅ.' लावलं असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या मागे भाऊ असतील, कागदावर आले नसतील. जुनी पानं मोडी लिपीत असतात. जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजपंचे नको.

१९५६ला हिंदू वारसा कायदा आला आणि वारस नोंदीत मुली दिसू लागल्या. पण त्यांना सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्कात' लोटायची रीत होती. तो रकाना लोक बोजा बघण्यापुरता वाचतात. तुम्ही नीट वाचा, आजोबांच्या बहिणी तिथे सापडतात. हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, झालं असेल तर दुय्यम निबंधकाकडून दस्ताची नक्कल काढा. त्यात बहुधा तिचं सासरचं नाव आणि गाव मिळतं.

मग त्या गावाला जा. आत्याआजी नसेल तर तिच्या लेकीसुना असतील. पोहोचल्या पोहोचल्या हक्कसोडीचा विषय काढू नका. जमिनीचा माणूस आला म्हणून घर आवळून बसतं. सगळ्यांना एकत्र बसवूनही विचारू नका. घरातला कर्ता बोलत सुटतो आणि म्हातारी 'हो, तसंच' एवढंच म्हणते. ती शेंगा फोडत बसली असेल तेव्हा शेजारी बसा, दोन शेंगा तुम्हीही फोडा. फोनवर आवाज धरायचा तर आधी तिला विचारून.

साल विचारू नका, प्रसंग विचारा. 'कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर?' आमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ ही तारीख सांगावी लागत नाही. 'बहात्तरच्या दुष्काळात कुठं होता?' 'गिरण्यांचा संप झाला तेव्हा मुंबईची खोली होती का?' तिच्या उत्तरांपुढे साल तुम्ही घाला. शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख खरी धरू नका. ती बहुतेक वेळा गुरुजींनी दिलेली असते. पंढरपूरला किंवा त्र्यंबकेश्वरला जाणं झालं तर तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघा. गाव-आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण, ते तिथे सांगतात.

लिहायला बसाल तेव्हा थेट मूळ पुरुषापासून सुरू करू नका. तो बहुधा कोणा राजाबरोबर स्वारीवरून आलेला असतो आणि त्याला कागद नसतो. ज्या बाईबद्दल सगळ्यात जास्त कळलंय तिचं एक पान आधी लिहा: माहेर, सासर, किती मुलं झाली, किती जगली, नावावर काय होतं. प्रत्येक माहितीपुढे समासात 'फेरफार', 'दस्त' किंवा 'ऐकीव', आणि कोणाकडून, ते टाका. दोघींनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही ठेवा, निवाडा करत बसू नका.

वाटपाचा दावा कोर्टात चालू असेल तर तेवढा भाग छापू नका, वेगळा लिहून ठेवा. बाकीच्याच्या प्रती काढून प्रत्येक लेकीच्या घरी एकेक पाठवा आणि मागे चार कोरी पानं जोडा. भावकीतून फार तर 'छान झालंय' येईल; दुरुस्त्या लेकींच्या घरूनच येतात.